वस्तऱ्याचं पाणी

पुण्याच्या जुन्या बाजारातून एका बुधवारी मी अडीचशे रुपयांना वस्तरा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी कोल्हापुरात येऊन तीस रुपयांत त्याचं वाटोळं करून घेतलं. तीस रुपये घेणाऱ्याचा त्यात दोष नाही. सायकलचं मागचं चाक उचलून, पायडल मारत गल्लोगल्ली विळ्या-कात्र्यांना धार लावणारा माणूस तो. वस्तरा त्याच्या हातात दिला तो मी. त्याने तो फिरत्या चाकाला टेकवला, ठिणग्या उडाल्या, आणि पात्याच्या कडेला मोराच्या मानेसारखा निळा पट्टा उमटला. बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला तो निळा रंग कशाचा हे कुणी सांगावं लागत नाही. पोलादाचं पाणी उतरलं होतं.

पोलादाला पाणी देतात म्हणजे ते लाल तापवून तेलात किंवा पाण्यात विझवतात. त्याने ते काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच ठिसूळही. मग दीडशे-दोनशे अंशांपर्यंत पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा थोडा काढून घ्यायचा, कडकपणा राखायचा. वस्तऱ्याचं सगळं मोल या दोन तापवण्यांत. तीनशे अंशांच्या सुमाराला पोलादावर निळा रंग चढतो, तोवर कडकपणा गेलेला असतो. वस्तऱ्याची कड इतकी पातळ की कोरड्या चाकावर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत तिथे पोचते. विळीचं यात फार बिघडत नाही. ती जाड असते आणि तिला कोथिंबीर चिरायची असते.

वस्तऱ्याचं खूळ डोक्यात का शिरलं हे विचाराल, तर रिटायर झालो आणि सकाळ लांबली, एवढंच. लहानपणी आमच्या वाड्यात दर रविवारी धोकटी घेऊन वारीक यायचे. आधी आजोबा, मग वडील, मग काका, असे एकेक जण पाटावर बसत. पट्ट्यावर वस्तरा फिरण्याचा तो चट-पट, चट-पट आवाज ऐकला की आम्ही पोरं माळ्यावर लपायचो, कारण शेवटी आमच्या डोक्यांची पाळी असे. तो आवाज कानात होता. हात मात्र कधी लावला नव्हता.

निळा पडलेला वस्तरा घेऊन मी मंगळवार पेठेतल्या एका जुन्या केशकर्तनालयात गेलो. तिथली खुर्ची आता मुलगा सांभाळतो. पंच्याहत्तरी गाठलेले आण्णा दाराजवळच्या बाकावर पेपर वाचत बसतात. त्यांनी वस्तरा उघडला, उजेडाकडे तिरपा धरला, मिटला आणि माझ्या हातात परत दिला.

‘‘मिस्त्री, मेलं हे. आता ह्यानं पाकिटं फोडा.’’

आण्णांच्या दुकानातही पूर्ण पात्याचा वस्तरा गेली कित्येक वर्षं कुणाच्या गालाला लागलेला नाही. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली आणि पुढच्या दहा वर्षांत गिऱ्हाईक खुर्चीत बसल्याबसल्या विचारू लागलं, ‘‘ब्लेड नवं हाय न्हवं?’’ वस्तरा उकळला, स्पिरिटने पुसला, तरी लोकांच्या मनातली शंका जाईना, आणि ती शंका रास्त होती. मग दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं खोबणीत अडकवायचा वस्तरा आला. एका ब्लेडमध्ये दोन गिऱ्हाइकं होतात आणि धार लावायचं कामच संपतं. आण्णांच्या मुलाला वस्तऱ्याला धार लावता येत नाही. त्याला गरजही पडली नाही. पूर्ण पात्याचा वस्तरा आता ज्याचा त्याने, एकट्यानेच वापरायचा. घरातसुद्धा बाप-लेकांत एक चालवू नये.

आण्णांनी टेबलाच्या खणातून एक वस्तरा काढून माझ्यापुढे ठेवला. जर्मनीतल्या झोलिंगेनचा शिक्का, काळी मूठ, पाठीवर दोन-चार गंजाचे ठिपके, धार पार बोथट. पैसे घेईनात. त्यांच्या खुर्चीच्या पायटेकाची पिन झिजली होती, ती मी लेथवर नवी करून दिली. व्यवहार मिटला.

वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. आपल्याकडे सुतार-मिस्त्री ज्याला सूत म्हणतात, ते हेच: आठ सूत म्हणजे एक इंच. आण्णांचा वस्तरा सहा सुती. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते व्हर्निअर लावून माप घेण्याचं. पाठ 5.2 मिलिमीटर जाड, पाठीपासून धारेपर्यंत 18 मिलिमीटर. यावरून धारेचा कोन निघतो तो साडेसोळा अंश. हा हिशोब करताना मला एक गोष्ट लखकन दिसली, आणि ती कळल्यावर निम्मी भीती गेली.

चाकूला धार लावताना कोन आपल्या मनगटाने राखावा लागतो. वीस अंशांवर धरलेला चाकू पाचव्या घासणीला पंचवीसवर जातो. वस्तरा आडवा टाका. त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. कोन करणाऱ्याने पात्यातच बसवून ठेवला आहे. आपण फक्त तो सपाट जागेवर सपाट ठेवायचा आणि सपाटच सरकवायचा. जुन्या कारागिरांनी कोन धरून ठेवणारं जिग हत्यारातच घातलं, आम्ही टूलरूममध्ये वेगळं करत बसायचो. म्हणून वस्तऱ्याला महाग काही लागत असेल तर ते म्हणजे सपाटी. आणि सपाटी आजकाल स्वस्त झाली आहे.

काचवाल्याकडे टेबलाच्या वरच्या काचांचे तुकडे पडलेले असतात. बारा मिलिमीटर जाडीचा, चार इंच रुंद आणि दहा इंच लांब तुकडा मला साठ रुपयांत मिळाला, कडा घासून. अशी काच वितळलेल्या धातूवर तरंगत ठेवून गार करतात, त्यामुळे ती आपल्या कामापुरती सपाट असतेच. ओट्याच्या ग्रॅनाइटचा तुकडाही चालतो, पण तो आधी पट्टी लावून उजेडाकडे धरून तपासा. या काचेवर पाणी शिंपडून वॉटर पेपर टाकला की तो चिकटून बसतो, आणि झाला तुमचा दगड. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात 1000 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर वीस रुपयांना मिळतो. जपानी पाण्याचे दगड काही हजारांच्या घरात जातात. चांगले असतात, वाद नाही, शिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण शिकताना तुम्ही ते कोरून ठेवणार, हेही तितकंच खरं.

इथे मी माझी दुसरी चूक सांगतो, कारण ती बहुतेक सगळेच करतात. वस्तऱ्याचं काम नाजूक, तेव्हा बारीक कागदावर सुरू करावं असं मला वाटलं. मी थेट 2000 वर बसलो. तीन आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास. पातं असं चमकू लागलं की त्यात ट्यूबलाइटवरची अक्षरं वाचता यावीत. दाढीला लावला तर केस उपटून निघू लागले, डोळ्यांत पाणी. आण्णांकडे नेला. त्यांनी ओल्या अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवली, इंचभर ओढली आणि हसले.

‘‘ह्याला धारच आली न्हाई अजून, मिस्त्री. तुम्ही नुसती पालिश मारताय.’’

ते वाक्य मी टूलरूमच्या भिंतीवर लिहून ठेवलं असतं. धार म्हणजे दोन उतार एकमेकांना भेटतात ती रेघ. बोथट वस्तऱ्यात हे उतार भेटतच नाहीत. दोघांच्या मध्ये एक गोलसर कड उरलेली असते. उतार कितीही चकचकीत करा, भेट झाली नसेल तर फुकट. ही भेट घडवायचं काम जाड कणांचं, म्हणजे 1000 नंबरचं. त्यात धातू झिजवावा लागतो. पुढचे सगळे बारीक टप्पे आधीच्या टप्प्याचे ओरखडे पुसण्यापुरते असतात. ज्याला कमी पैशात वस्तरा लावायचा आहे त्याने वेळ इथे घालवावा. मी सांगतो, शंभरातल्या नव्वद रडगाण्यांचं मूळ पहिल्या कागदावरून घाईने उठण्यात आहे.

भेट झाली की नाही हे ओळखायला मी कारखान्यातलीच युक्ती वापरली. सरफेस प्लेट घासताना आम्ही निळा रंग लावून उंचवटे शोधायचो. इथे पर्मनंट मार्कर पुरतो. दोन्ही उतारांवर काळी रेघ मारायची, दोन-तीन हलके हात फिरवायचे आणि घड्याळजीच्या दहापट भिंगातून बघायचं. शाई कडेपर्यंत गेली तर कागद कडेला पोचतोय. कडेलगत काळी रेषा उरली तर नाही. मग धार सरळ डोळ्यासमोर धरून वर बल्ब ठेवायचा. बोथट जागा उजेड परत फेकते, तिथे चांदीचे बारीक ठिपके दिसतात. जिथे उतार भेटलेत तिथे उजेड पडायला जागाच नसते, म्हणून काहीच दिसत नाही. माझ्या पात्याच्या टाचेकडचा, म्हणजे मुठीजवळचा, पाऊण इंच दोन दिवस चांदी दाखवत राहिला. दर बाजूला दोनशेच्या वर हात झाले, 1000 नंबरचे तीन तुकडे गुळगुळीत झाले, तेव्हा ती चांदी गेली. हातावरचे केस टाचेपासून टोकापर्यंत सारखे निघू लागले. चहा ठेवायला सांगितला.

हात कसा फिरवायचा ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळी कला तिथेच आहे. पाठीवर आधी इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी एक थर लावा, सुरकुती न पडता. पाठ घासली जात नाही आणि कोन एखाद्या अंशाच्या आतच वाढतो. कागदावर पाणी. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने पात्याचा दांडा धरायचा, मूठ उघडी, बाकी बोटांवर तोललेली. पाठ आणि धार दोन्ही टेकल्याची खात्री करून धार पुढे ठेवून सरकवायचं, जणू कागदाचा एक पापुद्रा काढायचा आहे. पातं तीन इंच, कागद तेवढाच रुंद. तेव्हा सरकवतानाच तिरपं ओढायचं, टाचेपासून सुरू होऊन टोकाशी संपेल असं. शेवटी थांबायचं. मग पाठीवर कोलांटी देऊन पातं उलटवायचं. धारेवर उलटवलंत तर आतापर्यंतची मेहनत गेली, आणि कागदही.

दाब किती? सुरुवातीला पाठीवर एका बोटाचा भार, शेवटी फक्त पात्याचं वजन. पाण्याकडे लक्ष ठेवा. पातं नीट टेकलेलं असलं की धार पाण्याची बारीक लाट पुढे लोटत नेते आणि ती लाट पात्यावर चढते. एखाद्या जागी पाणी धारेखालून निसटून मागे राहिलं तर तिथे पातं टेकत नाहीये. आवाजही बदलतो. आधी वाळूवरून चप्पल घासल्यासारखी खरखर, मग ती एकसुरी होते, मग जवळजवळ ऐकूच येत नाही. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून सांगायच्या, ‘‘आज तुमचं नीट चाललंय.’’

1000 नंतर 2000. आता कणांचा आकार अठरा मायक्रॉनवरून दहावर आला. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, आणि दाढीच्या लायकीची कड एका मायक्रॉनच्या आत. तेव्हा दहावर थांबून भागत नाही. पुढचा माल मला भाच्याने दिला. तो फायबर ऑप्टिकच्या केबली जोडतो. काचेच्या त्या तंतूचं टोक घासायला त्यांच्याकडे प्लास्टिकची पातळ चकती असते, पाच इंच व्यासाची, वर अगदी सारख्या आकाराचे कण बसवलेले. लॅपिंग फिल्म म्हणतात. ती 5, 3, 1 मायक्रॉन अशा नंबरांत येते. कनेक्टर घासून झाल्यावर त्यांच्या दृष्टीने संपलेल्या चकत्या कचऱ्यात जातात. आमच्या दृष्टीने त्या संपलेल्या नसतात. त्याच काचेवर पाण्याने चिकटवल्या, प्रत्येकीवर पंचवीस-तीस हात, दाब शून्य. भाचा नसेल त्यांना ती विकतही मिळते, एक चकती पुष्कळ दिवस पुरते.

आता पट्टा. यात कोल्हापूरकर नशीबवान. चपलांसाठी इथे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतात, आणि पट्ट्याला नेमकं असंच, झाडपाल्याने कमावलेलं कातडं लागतं. बाजारातल्या कमरेच्या पट्ट्यांवर बहुतेक वेळा प्लास्टिकचा लेप असतो, त्यावर वस्तरा घसरतो, काम करत नाही. मी एका चप्पल कारागिराकडून म्हशीच्या पातळ कातड्याचा तीन इंच रुंद आणि चौदा इंच लांब पट्टा एकशेवीस रुपयांना कापून घेतला. ‘‘कशाला पायजे?’’ म्हणाला. वस्तऱ्याला म्हटल्यावर त्याने तुकडा बदलून दिला. पहिल्यावर एक शीर होती. तो सागाच्या फळीवर फेविकॉलने चिकटवला. लटकता पट्टा दिसायला झोकदार, पण नवख्याच्या हातात तो सैल पडतो आणि सैल पट्ट्यावर धार गोल होते. फळीच बरी.

पट्ट्यावर दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागून येते. मी तिसऱ्या दिवशी रेडिओ ऐकता ऐकता हे विसरलो. कातड्यावर अर्धा इंच लांबीची खाच अजून आहे.

फळीच्या मागच्या बाजूला जुन्या जीन्सचं कापड लावलं आणि त्यावर हिरवा साबण चोळला. साबण म्हणजे बफिंगवाल्यांची हिरवी वडी, तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असतं, साधारण अर्ध्या मायक्रॉनचे कण. स्वस्त वड्यांत जाड कण मिसळलेले असू शकतात, म्हणून आधी नखावर घासून बघा. ओरखडा दिसला तर ती वडी स्टीलच्या भांड्यांना ठेवा. वडीसुद्धा नको असेल तर काचेवर जुना ‘पुढारी’ घडी घालून टाका आणि त्यावर कोरडे पन्नास हात द्या. छापाच्या काळ्या शाईत काजळी असते, ती पॉलिशचं काम करते. आमच्या वाड्यातले वारीक हेच तळहातावर करत. ते मी करत नाही, तुम्हीही करू नका.

जॉन व्हरहोव्हन नावाच्या अमेरिकी धातुशास्त्रज्ञाने 2004 मध्ये हे सगळं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घालून पाहिलं. त्याला कोऱ्या कातड्याने फारसा फरक दिसला नाही, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या कातड्याने दिसला. आण्णांना सांगितलं तर त्यांना काही ते पटलं नाही. माझा अनुभव असा की कोऱ्या पट्ट्याशिवाय केलेली दाढी आणि पट्ट्यानंतरची दाढी यात गालाला फरक कळतो. गाल हे मोजायचं यंत्र नव्हे, हेही मान्य.

मऊ केसाने कडक पोलाद बोथट का होतं, हे कोडं मला कारखान्यात असतानाही पडायचं. पोलाद केसापेक्षा पन्नासएक पट कडक. 2020 मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी याचं उत्तर ‘सायन्स’ नियतकालिकात छापलं. केसाने कड झिजत नाही, तिचे कपचे उडतात. केस तिरपा वाकला, पोलादाच्या रचनेत त्या जागी थोडा असमानपणा असला आणि केस पात्याच्या नेमक्या बाजूला आला, की सूक्ष्म टवका उडतो. दाढी आधी गरम पाण्याने आणि साबणाने मऊ करायची ती गालासाठी तशी पात्यासाठीही. मी पाच मिनिटं ओला टॉवेल ठेवतो. आण्णांच्या दुकानात नुसता पाण्याचा फवारा आणि लगेच हात, पण तिथे ब्लेड अर्ध्या मिनिटात कचऱ्यात जातं.

वस्तऱ्याची चांगली पोलादं विलायतेची, हे मीही धरून चालत होतो. मग वाचनात आलं की 1794 मध्ये मुंबईहून हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने दख्खनच्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. तिथे त्याला ‘वूट्झ’ म्हणत. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सनने त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं करणारा कारागीर त्याच्या इतका प्रेमात पडला की तो या पोलादाची हत्यारं विकू लागला. पुढे 1820च्या सुमाराला त्याने आणि मायकेल फॅरडेने मिळून पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. वीज-चुंबकाच्या आधी फॅरडे या भट्टीत हात भाजून घेत होता. आपलं पोलाद तिकडे गेलं आणि आपण झोलिंगेनचा शिक्का शोधत जुन्या बाजारात फिरतो.

शेवटची परीक्षा केसाची. सौभाग्यवतींच्या फणीतला एक केस, धुतलेला, मुळाच्या बाजूने धरून लोंबता सोडायचा आणि धारेवर टेकवायचा. न ओढता तुटला तर पास. हा केस रोज एकाच डोक्याचा घ्या, कारण केसाकेसांत जाडीचा फरक असतो. मुलीच्या केसावर नापास झालेला वस्तरा आईच्या केसावर पास होतो. पण खरं सांगायचं तर केस तुटूनही दाढी ओढते आणि केस न तुटताही दाढी छान होते. गालावर लावून बघावं. पाठ गालापासून तिच्या जाडीच्या दुप्पट उंच, दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली, आणि पहिले आठ दिवस फक्त गाल, हनुवटी नाही. तुरटी हाताशी ठेवा. मी तिसऱ्या दिवशी ओठाखाली कापून घेतलं. दोष माझाच, वस्तऱ्याचा नाही.

एकदा धार बसली की पुढचं काम थोडं. दाढीआधी कोऱ्या कापडावर वीस हात, कातड्यावर चाळीस. महिन्याने हिरव्या साबणावर दहा. एक मायक्रॉनची चकती मला तीन-चार महिन्यांनी काढावी लागते. 1000 नंबरवर परत जायची वेळ गेल्या दोन वर्षांत आली नाही. मोठा शत्रू गंज, आणि पावसाळ्यात कोल्हापुरात तो रातोरात येतो. दाढी झाली की पातं कोरडं पुसायचं, अर्धा तास उघडं ठेवायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवायचा आणि न्हाणीघराबाहेर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायचं. खोबरेल वापरू नका, ते कालांतराने चिकट होतं. जुना वस्तरा घरात आणला तर आधी सर्जिकल स्पिरिटने दोनदा पुसा. ब्लीच नको, पोलाद खातं.

हिशोब मी वहीत लिहिलेला आहे. काच साठ, वॉटर पेपर चार मिळून ऐंशी, मार्कर पंचवीस, चिकटपट्टी पंधरा, कातडं एकशेवीस, हिरवी वडी नव्वद, भिंग एकशेऐंशी. एकूण पाचशेसत्तर. भाच्याच्या चकत्या फुकट, आण्णांचा वस्तरा एका पिनेच्या बदल्यात. जुन्या बाजारातले अडीचशे आणि चाकावरचे तीस यात धरलेले नाहीत, ते अक्कलखाती.

यात पैसे वाचतात का? नाही. निव्वळ पैसे वाचवायचे असतील तर साधा दुधारी ब्लेडचा रेझर घ्या. ब्लेड काही रुपयांना मिळतं आणि आठवडाभर चालतं. चार-पाच पात्यांच्या महागड्या कार्ट्रिजच्या मानाने मात्र माझी वही वर्षभरात पुढे गेली. ज्यांना सकाळी आठ सतराची बस पकडायची आहे त्यांनी या फंदात पडू नये. ज्यांच्याकडे सकाळची वीस मिनिटं आणि दोन न थरथरणारे हात आहेत, त्यांनी जरूर पडावं.

आणि तुमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा वस्तरा असला, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी तो एकदा काचेवर आडवा टाकून बघा. धारेला तडा नसेल, पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली असेल आणि गंज कडेपर्यंत पोचलेला नसेल, तर त्यात अजून जीव आहे. फक्त खालून चाकवाल्याची हाळी आली, तर तेवढा वेळ तो खिशात ठेवा.